सरकारी कचेरीतील पूजेला हरकत कशी घ्यावी : नास्तिकांसाठी काही व्यावहारिक सूचना

श्रावण लागला की अनेक सरकारी कचेऱ्यांत शिपाई वहीचा एक कागद घेऊन टेबलाटेबलावरून फिरू लागतो. कागदाच्या माथ्यावर ‘श्री सत्यनारायण प्रसन्न’ असे लिहिलेले असते, खाली साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांची नावे आधीच मांडलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे हुद्द्याप्रमाणे आकडा टाकलेला असतो. वर्गणी द्यायची आहे का, असे कोणी विचारत नाही. सही कोठे करायची एवढेच दाखवले जाते. अशा वेळी नास्तिक मनुष्य बहुधा मुकाट्याने पैसे देऊन मधल्या सुट्टीत कुरकुरतो, नाही तर तिथल्या तिथे ईश्वराच्या अस्तित्वावर व्याख्यान झोडतो. नोकरीच्या काळात मी हे दोन्ही केले असून दोन्हींचा उपयोग शून्य झाला, हे आधीच सांगून टाकतो.

हरकत घेण्यापूर्वी ती नेमकी कशाला घ्यायची, हे ठरवावे. सहकाऱ्याने टेबलाच्या काचेखाली गजानन महाराजांचा फोटो ठेवला, कोणी दुपारी नमाजासाठी पंधरा मिनिटे मागून घेतली, कोणी रविवारी चर्चला जाता यावे म्हणून कामाची पाळी बदलून घेतली, तर ते त्या व्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. संविधानाच्या ज्या अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, त्यातच श्रद्धेचेही आहे. आपला नास्तिकपणा त्याच छपराखाली राहतो. खंडेनवमीला चालकाने जीपला हार घातला, तर त्यावर शक्ती खर्च करू नये, असे माझे मत आहे. परंतु पूजा कामाच्या वेळेत होते, खिडकीबाहेर लोक ताटकळत उभे राहतात, यजमानपद अधिकारी आपल्या पदाच्या नात्याने घेतो, खर्च कार्यालयीन निधीतून होतो किंवा वर्गणी सक्तीची असते, यांपैकी एकही गोष्ट घडत असेल तर ती श्रद्धा व्यक्तीची राहत नाही, संस्थेची होते. आणि शासकीय संस्थेला धर्म नाही. संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करण्याची दुरुस्ती मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली, आणि विरोध करणाऱ्यांत स्वतः देव मानणारेही होते. हा प्रसंग सश्रद्ध सहकाऱ्यांना अवश्य सांगावा, कारण राज्याला धर्मापासून दूर ठेवण्यासाठी नास्तिक असावे लागत नाही, हे त्यातून त्यांना पटकन समजते.

यानंतर अर्ज. तोंडी हरकतीला कचेरीत किंमत नसते. अर्ज एका पानापेक्षा मोठा नसावा, त्यात अंधश्रद्धा, थोतांड, भटशाही असे शब्द नसावेत आणि मागणी एकच असावी. मी अखेरीस जो मजकूर दिला तो साधारण असा होता : ‘कार्यालयात होणाऱ्या धार्मिक कार्यक्रमासाठी वर्गणी देण्यास अथवा त्यात सहभागी होण्यास माझी संमती नाही. कोणाच्याही व्यक्तिगत श्रद्धेस माझी हरकत नाही. सदर कार्यक्रम कार्यालयीन वेळेत व शासकीय खर्चाने होऊ नये, ही विनंती.’ अर्ज आवक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा दिलेला अर्ज नव्हे.

खर्च कोणी केला याविषयी शंका असल्यास आरोप करू नये, विचारावे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून ‘अमुक दिनांकाच्या कार्यक्रमाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून झाला, त्याच्या देयकांच्या प्रती मिळाव्यात’ एवढेच मागावे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. पूजा का केली, असा प्रश्न या अर्जात चालत नाही, कारण हा कायदा कागद देतो, खुलासा देत नाही.

कायद्याचे हवाले देताना हात आखडता घ्यावा. आपल्या मंडळींना अनुच्छेद २७ फार आवडतो. करदात्याचा पैसा धर्मावर खर्च करायला त्यात सरसकट मनाई आहे, असे ते ठोकून देतात. तसे नाही. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचे उत्पन्न राखून ठेवले आहे असा कर भरण्याची सक्ती करता येत नाही, असे तो अनुच्छेद म्हणतो, आणि कराच्या उत्पन्नाचा मोठा भाग हज अनुदानावर खर्च होत नाही, या कारणावरून त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले होते. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये ते बंद झाले, परंतु हा निराळा निर्णय होता. अर्जात एक हवाला चुकला की उरलेल्या नऊ बरोबर ओळी कोणी वाचत नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र पाया भक्कम आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते दिले जात असले, तरी संमतीवाचून कोणाला त्यात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची लागते. नाशिकचे शिक्षक संजय साळवे प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नव्हते, म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवण्यात आली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते प्रार्थनेला हजर राहत, शांत उभे राहत, केवळ हात जोडत नसत, हा तपशील महत्त्वाचा आहे. पालकांनीही मुलाला वर्गाबाहेर काढण्याची मागणी करण्याऐवजी ‘तो शांतपणे उभा राहील’ असे लिहून दिल्यास मूल एकटे पडत नाही.

अर्जांतील धर्माचा रकाना रिकामा सोडण्यापेक्षा त्यात ‘कोणताही धर्म नाही’ असे लिहावे. राजपत्रात तशी नोंद करण्यास शासकीय मुद्रणालयाने नकार दिल्यावर तिघांनी उच्च न्यायालयात दाद मागितली होती. धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्य करू शकत नाही आणि कोणताही धर्म नसल्याचे सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे, असा निकाल सप्टेंबर २०१४ मध्ये लागला. न्यायालयात साक्ष देताना किंवा निवडून आल्यावर ईश्वरसाक्ष शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. फक्त आधी सांगून ठेवावे, नाही तर लिपिक छापील मजकूर वाचायला लावून मोकळा होतो.

समाजमाध्यमांवर लिहिताना भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ लक्षात ठेवावे. जाणूनबुजून व दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणे हा त्याखाली गुन्हा आहे. हेतू सिद्ध होणे कठीण असले तरी तोवरचे हेलपाटे खरे असतात. धोरणावर, खर्चावर, रात्री दहानंतर चालणाऱ्या ध्वनिवर्धकावर हवे तेवढे कठोर लिहावे. देवतेच्या वर्णनात शिरू नये. आणि ज्या धर्मात आपण जन्मलो त्याच्या कार्यक्रमाला हरकत घेण्याचा पहिला मान द्यावा. दुसऱ्यांच्या भोंग्यावर बोलणारा पण आपल्या गल्लीतल्या डीजेवर गप्प बसणारा नास्तिक हा नुसता पक्षकार असतो, आणि लोक ते लगेच ओळखतात.

माझ्या अर्जाला लेखी उत्तर कधीच आले नाही. पुढच्या वर्षी मात्र वर्गणीच्या कागदावर नावे आधी लिहिलेली नव्हती, चौरंग आणि केळीचे खुंट साहेबांच्या दालनाऐवजी सायंकाळी सहानंतर करमणूक कक्षात लागले, आणि हेडक्लार्क बाईंनी माझ्या टेबलावर द्रोणातून शिरा आणून ठेवला. तीर्थ आणले नव्हते. तेवढा विचार त्यांनी केला होता. शिरा मी खाल्ला.