पीयूसीत गाडी नापास झाली? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी आकडे वाचा

पंपाच्या कोपऱ्यातल्या पीयूसी केंद्रात नळी सायलेन्सरमध्ये गेली, आकडा आला आणि केंद्रवाला म्हणाला, "सर, सीओ जास्त येतोय, होत नाही." सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, धुरातला विषारी वायू. डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन दिवा लागलेला असेल, तर गॅरेजमध्ये पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ओटू सेन्सर गेलाय, बदलून टाकू." ओटू, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेलेला असेलही. पण तो खरं तेच सांगत असेल आणि बिघाड भलतीकडेच असेल, असंही पुष्कळदा निघतं. मग नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि पुढच्या वेळी सीओ तेवढाच येतो. म्हणून आधी तासभर तपासणीला द्या.

केंद्रातून निघण्यापूर्वी सगळे आकडे लिहून घ्या. बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल कारसाठी आयडलिंगला सीओ ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या चाचणीत सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा; १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. पुण्यात बीएस ४ एप्रिल २०१० पासूनच लागू झालं, त्यामुळे इथल्या बऱ्याच जुन्या गाड्यांनाही हीच कडक मर्यादा लागते. गाडी कोणत्या बीएसची आहे, ते आरसीवर पाहा.

सेन्सर नेमकं काय करतो

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही एवढंच कळवतो. उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, नसेल तर ०.८–०.९ व्होल्ट. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. सेन्सर "ऑक्सिजन आहे, ऑक्सिजन आहे" असंच सांगत अडकला, तर कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो. ॲव्हरेज पडतं, सीओ वाढतो आणि जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो. कन्व्हर्टर गेला तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च येतो, त्यामुळे दिवा लागलेला असताना महिनोन्महिने गाडी चालवू नका.

कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असतो. तो मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो, त्याच्यामुळे सहसा सीओ वाढत नाही. पी ०१३० ते पी ०१३५ हे बिघाडाचे कोड पुढच्या सेन्सरचे, पी ०१३६ ते पी ०१४१ मागच्याचे. घाईत चुकीचा सेन्सर बदलला जातो, म्हणून कोड स्वतः वाचा.

स्कॅनर लावून ट्रिम पाहा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा. इंजिन पूर्ण गरम झालं की शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, त्या आकड्यांची) बेरीज करा. दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असेल तर ठीक. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या जुन्या गाडीत ई२० पेट्रोलमुळे ट्रिम सात-आठ टक्के अधिककडे सरकते. तो बिघाड नाही.

आता ट्रिम आणि सीओ शेजारी ठेवा. सगळं निदान इथेच आहे.

सीओ जास्त आणि ट्रिम अधिक २० च्या वर: कॉम्प्युटरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतंय, प्रत्यक्षात ते जाड (पेट्रोल जास्त) आहे. म्हणजे सेन्सर चुकीचं सांगतोय, किंवा त्याच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरतेय.

सीओ जास्त आणि ट्रिम उणे २० च्या खाली: सेन्सर खरं बोलतोय. कॉम्प्युटर पेट्रोल कमी करूनही ते जास्तच पडतंय. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), बिघडलेला मॅप सेन्सर (इंजिनात येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सर शोधा. इथे नवा ओटू सेन्सर घालणं म्हणजे पैसे वाया.

एचसी जास्त, सीओ ठीक: बहुतेक मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं). आधी स्पार्क प्लग आणि कॉइल. मिसफायरमध्ये न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो आणि चांगला सेन्सरही "पातळ" दाखवतो, हे लक्षात ठेवा.

गळती आणि मीटर

इंजिन थंड असताना, उघड्या जागेत (बंद गॅरेजमध्ये कधीही नाही) गाडी चालू करा. मदतनिसाला जाड ओलं कापड सायलेन्सरच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) पॅकिंगपाशी "फुट्-फुट्" ऐकू आलं किंवा काळी काजळी दिसली, तर आधी ते पॅकिंग बदला.

मग सेन्सर. चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन तारा सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या. तारांचा प्लग काढून त्यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा: थंड असताना साधारण २ ते १५ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. पण पी ०१३५ (हीटरचा कोड) आला तर आधी फ्यूज बघा, तो अनेकदा तेवढ्यानेच सुटतो.

सिग्नल स्कॅनरवरच पाहता येतो. गरम इंजिनला २५०० आरपीएमवर व्होल्टेज खाली-वर धावत राहिलं पाहिजे, सेकंदाला साधारण एकदा. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर ते ०.८ च्या वर जायला हवं आणि सोडल्यावर ०.१ पर्यंत उतरायला हवं. एकाच जागी गोठला किंवा सुस्तावला, तर सेन्सर संपला. पाच तारांच्या वाइडबँड सेन्सरला हे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत. त्याचा लॅम्डा स्कॅनरवर वाचा.

बदलताना

नाना पेठेत सुट्टे भाग घेताना जुना सेन्सर किंवा गाडीचा पार्ट नंबर बरोबर न्या. बॉश, डेन्सो, एनटीके यांपैकी गाडीला जो मूळचा आहे तोच, तयार प्लगसकट घ्या. तार कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर टाळा. तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा अनेक सेन्सर तारेतूनच ओढतात, सोल्डर किंवा ग्रीसने ती वाट बंद होते.

रात्री आटे भिजतील असं पेनिट्रेटिंग ऑइल मारा. सकाळी इंजिन थोडं कोमट करून २२ नंबरच्या खाचवाल्या सॉकेटने सेन्सर काढा. बहुतेक कारमध्ये आटे एम १८ बाय १.५ असतात. नव्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) बहुतेक वेळा आधीच लावलेला असतो. नसेल तर तो फक्त आट्यांना लावा, टोकाला एक थेंबही नको. साधा सिलिकॉन सीलंट जवळपास वापरू नका, त्याची वाफ सेन्सर मारते. ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळा, तार सायलेन्सरपासून लांब मूळच्या क्लिपमध्ये बसवा.

पुन्हा पीयूसीला जाताना

कोड पुसल्यावर लगेच केंद्रात जाऊ नका, ट्रिम शून्यावरून पुन्हा शिकायला वेळ लागतो. कात्रज ते बाणेर बायपासवर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा आणि थेट केंद्रात जा. रांगेत गाडी थंडावली असेल, तर नळी घालण्याआधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर रेस ठेवा. एसी, दिवे बंद. नळी किमान ३० सेंटीमीटर आत गेली आहे ना, ते पाहा.

हे सगळं करून ट्रिम शून्याजवळ आली, तरी सीओ उतरत नसेल, तर मागच्या सेन्सरचा आलेख बघा. तो ०.६–०.७ व्होल्टवर स्थिर राहायला हवा. पुढच्यासारखाच खाली-वर नाचत असेल आणि पी ०४२० (कन्व्हर्टरचा कोड) असेल, तर कन्व्हर्टर गेलाय. काही ठिकाणी मागच्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सर धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) घालून देतात. त्याने दिवा विझतो, सीओ कमी होत नाही आणि तो धूर आपल्याच रस्त्यावर राहतो. नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी मिसफायर आणि ऑइल जळणं थांबवा, नाहीतर तोही तसाच जाईल.