गेंटचं वेदीचित्र कसं पाहावं: शेवटच्या हातापासून पहिल्या हाताकडे

बेल्जियममधल्या गेंट शहरात, सेंट बाव्हो कॅथीड्रलमध्ये 1432 साली पूर्ण झालेलं एक भलंमोठं वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभं करायचं, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं चित्र आहे. थोरला ह्यूबर्ट आणि धाकटा यान व्हॅन आयक या दोन भावांचं काम म्हणून ते जगभर ओळखलं जातं. त्यामुळे पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं थोरल्याचं किती आणि धाकट्याचं किती? तिथूनच सुरुवात केली की हमखास घोटाळा होतो, कारण भावांच्या रंगावर नंतरच्या पाचशे वर्षांत कितीतरी हात फिरले आहेत. म्हणून उलट्या दिशेने चला. सगळ्यात अलीकडचा हात आधी ओळखा, तो मनातून बाजूला करा, मग त्याच्या आधीचा.

यासाठी गेंटला जावं लागत नाही. 'क्लोजर टू व्हॅन आयक' या संकेतस्थळावर सगळ्या फळ्यांची अतिशय बारकाईने काढलेली छायाचित्रं फुकट पाहता येतात: साध्या उजेडातली, अवरक्त किरणांतली आणि क्ष-किरणांतली. मोबाइल नको. दोन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवायच्या असल्याने मोठा पडदा लागतो. जवळ कागद आणि दोन-तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका बैठकीत एकच फळी पाहा. डोळे दमले की हवं तेच दिसायला लागतं.

आधी कागदावर नकाशा काढा. उघडलेल्या चित्रात बारा फळ्या दिसतात. वरच्या ओळीत सात: आदम, गाणारे देवदूत, मेरी, मधोमध सिंहासनावरचा ईश्वर, बाप्तिस्मा देणारा योहान, वाद्यं वाजवणारे देवदूत आणि हव्वा. खालच्या ओळीत पाच: न्यायी न्यायाधीश, ख्रिस्ताचे शिलेदार, मधे कोकराची (म्हणजे ख्रिस्ताच्या प्रतीकाची) पूजा, मग संन्यासी आणि यात्रेकरू. वरच्या मधल्या तीन आणि खालची मधली एक या चार फळ्या स्थिर आहेत. बाकीच्या आठ म्हणजे दारं, आणि ती दोन्ही बाजूंनी रंगवलेली. लाकूड ओकचं. सगळं उघडल्यावर रुंदी पाच मीटरच्या आसपास आणि उंची साडेतीन मीटरच्या वर जाते.

आता खालच्या ओळीतल्या डाव्या टोकाच्या फळीवर, न्यायाधीशांवर, पहिली पेन्सिल फिरवा. ही फळी अख्खी विसाव्या शतकातली आहे. 11 एप्रिल 1934 च्या पहाटे मूळ फळी चोरीला गेली, ती आजतागायत मिळालेली नाही. आज तिथे आहे ती येफ व्हान डेर व्हेकन यांनी केलेली नक्कल, 1945 मध्ये पूर्ण झालेली. त्या रात्री चोरीला गेलेली दुसरी फळी, याच दाराच्या मागच्या बाजूचा करड्या छटांतला योहान, मात्र परत मिळाली. एकाच दाराची पुढची आणि मागची बाजू अशी वेगवेगळी कशी झाली? उत्तर 1894 मध्ये आहे. सहा दारं तेव्हा बर्लिनला होती. दोन्ही बाजू एकाच वेळी भिंतीवर दाखवता याव्यात म्हणून ती जाडीतून उभी चिरली गेली. जुन्या पुस्तकात या दारांची जाडी वाचून आजच्या फळीशी ताडून पाहिलीत तर मेळ बसणार नाही, तो यामुळे.

पुढचा हात सोळाव्या शतकातला, आणि सगळ्यात जास्त फसवणारा. 1550 मध्ये लान्सेलॉट ब्लोंडेल आणि यान व्हान स्कोरेल या दोन चित्रकारांनी हे चित्र साफ केल्याची नोंद आहे. त्या शतकात चित्रावर मोठ्या प्रमाणात वरून रंगही चढला. तो इतका सफाईने दिलेला होता की पिढ्यानपिढ्या अभ्यासकांनी त्यालाच व्हॅन आयक मानलं. 2012 मध्ये सुरू झालेल्या संवर्धनात कळलं की दारं मिटल्यावर दिसणाऱ्या बाहेरच्या बाजूचा सुमारे 70 टक्के रंगीत भाग असा झाकलेला होता. संवर्धकांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली, स्काल्पेलने (शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीने), कणाकणाने उतरवला.

हा वरचा रंग ओळखायचा तो भेगांवरून. ओकवरचा जुना रंग वाळताना आणि लाकूड हलताना बारीक जाळीसारखा तडकतो. मूळ रंगाची भेग स्वच्छ, धारदार दिसते. नंतरचा रंग त्या भेगेत उतरतो, तिच्या कडा बुजवतो, किंवा खाली रंग उडालेल्या खड्ड्यावरून सरळ पुढे जातो. छायाचित्र इतकं मोठं करा की बोटाच्या नखाएवढा भाग पडदाभर दिसेल, आणि एकाच भेगेच्या मागे जा. ती एखाद्या ठिकाणी अचानक मऊ झाली तर तिथे कागदावर खूण करा. मात्र एका भेगेवर भरवसा ठेवू नका. पिवळटलेलं व्हार्निशही भेगेत साचतं आणि वरच्या रंगासारखंच दिसतं. निळा कपडा हिरवट दिसत असेल तर आधी व्हार्निशचा संशय घ्या.

हे सगळं एकाच जागी पाहायचं असेल तर कोकराच्या डोक्यावर थांबा. 1951 च्या सफाईत आजूबाजूचा रंग निघाला आणि खालचे मूळ कान उघडे पडले, पण वरून रंगवलेले कानही तसेच राहिले. पुढची अनेक दशकं त्या कोकराला चार कान होते. वरच्या रंगातलं तोंड साध्या मेंढराचं, डोळे दोन बाजूंना. तो रंग उतरल्यावर व्हॅन आयकचं मूळ कोकरू समोर आलं: जवळ जवळ असलेले, थेट तुमच्याकडे पाहणारे डोळे. साफ करण्यापूर्वीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी लावा. वरून दिलेला रंग चित्राचा अर्थ किती बदलतो ते इथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळेल.

किरणांच्या प्रतिमा वाचताना एक चूक सर्रास होते. क्ष-किरणांत शिशाचा पांढरा रंग उजळ दिसतो, पण कुठल्याही थरातला. खालचा आणि वरचा एकाच प्रतिमेत मिसळतात, त्यामुळे नुसत्या क्ष-किरणांवरून 'हे आधीचं' असं म्हणता येत नाही. अवरक्त प्रतिमेत बरेच रंग पारदर्शक होतात आणि खालचं काळ्या रंगातलं रेखाटन दिसतं. दोन्ही प्रतिमा एकच गोष्ट सांगत असतील तरच ती कागदावर उतरवा.

आता कुठे भावांपर्यंत पोचलो. इथे पहिला आधार रंगाचा नाही, अक्षरांचा. बाहेरच्या चौकटीवर चार ओळींचा लॅटिन श्लोक आहे. 1823 मध्ये बर्लिनला वरचा रंग काढताना तो सापडला. काम ह्यूबर्टने सुरू केलं, यानने पूर्ण केलं, खर्च योस व्हाइद या गृहस्थाने केला, असं तो सांगतो. शेवटच्या ओळीत तारीख 6 मे, आणि साल त्या ओळीतल्या रोमन अंकांच्या अक्षरांत लपवलेलं. स्वतः बेरीज करून पाहा: एम एकदा म्हणजे 1000, सी तीनदा म्हणजे 300, एल दोनदा म्हणजे 100, एक्स एकदा म्हणजे 10, व्ही आणि यू मिळून चारदा म्हणजे 20, आय दोनदा म्हणजे 2. एकूण 1432. व्ही आणि यू लॅटिनमध्ये एकच धरतात. ते विसरलात तर बेरीज चुकते.

ह्यूबर्ट 18 सप्टेंबर 1426 ला वारला. म्हणजे शेवटची जवळपास सहा वर्षं यानच्या हातची. 'जे सुंदर ते यानचं, जे ताठर ते ह्यूबर्टचं' अशी वाटणी आजवर पुष्कळांनी केली, आणि ती टिकली नाही. एकाच पद्धतीचे तैलरंग वापरणाऱ्या भावांत देखणेपणावरून रेघ ओढता येत नाही. क्रम मात्र पाहता येतो: कुठला रंग कशावर बसला आहे. त्यासाठी मधल्या फळीवर, कोकराच्या खालच्या कारंज्याकडे जा. अवरक्त प्रतिमा शेजारी लावा आणि कारंज्याच्या कडेने हळूहळू सरका. कारंजं आधीच रंगवलेल्या हिरवळीवर नंतर बसवलेलं आहे. बेत बदलला तो काम अर्ध्यावर असताना. थोरल्याच्या कुरणावर धाकट्याचं पाणी, असं ज्या थोड्या जागांबद्दल म्हणता येतं, त्यातली ही एक.