गणपतीला गावी जाताना कुत्रा बरोबर असेल तर

मुंबईहून कणकवली सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. एरवी नऊ-दहा तासांत होणारा हा प्रवास चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत पंधरा तासांवरही जातो. कुत्र्याची तयारी या पंधरा तासांच्या हिशेबाने करायची. शक्य असेल तर चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी, पहाटे चारच्या सुमारास निघा. कुत्रा बरोबर असताना यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही.

सुरुवात लसीपासून, आणि तीही दीड महिना आधी. भाताच्या खाचरांत, पाणंदीत साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. लसीचं कार्ड काढून बघा: ‘डीएचपीपीआय’ या नेहमीच्या एकत्रित लसीच्या नावापुढे ‘एल’ असेल तरच त्यात लेप्टो आहे. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे. निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. रेबीजची तारीखही त्याच वेळी तपासा.

गोचिडांसाठी चघळायची गोळी सोयीची. अफॉक्सोलॅनर महिनाभर चालते, फ्लुरालॅनर बारा आठवडे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटातली औषधं त्याला चालतीलच असं नाही. मानेवर सोडायचं औषध वापरणार असाल तर आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. गोळी दिली तरी गोचीड चिकटतेच, ती रक्त प्यायल्यावर मरते. म्हणून हाताने तपासणं सुटत नाही.

गाडीत जागा मागच्या सीटवर. छातीचा हार्नेस आणि त्याला सीटबेल्टचा आखूड पट्टा. हा पट्टा गळ्याच्या कॉलरला अडकवू नका, जोराचा ब्रेक लागला की मान आवळली जाते. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे कुत्रा नको, आणि चालवणाऱ्याच्या मांडीवर तर नकोच नको. सेदानची डिकी पूर्ण बंद असते, ती बाद. मखर, नारळाची पोती, पिशव्या यांच्या फटीत कुत्र्याला कोंबणं ही या प्रवासातली नेहमीची चूक. त्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. चादरीखाली न सरकणारी रबरी चटई घाला. घाटात पाय घसरत राहिले की कुत्रा घाबरतो आणि मळमळही वाढते.

गाडीची सवय नसेल तर तीन आठवडे आधी सुरू करा. आधी उभ्या गाडीत बसवून खाऊ, मग दहा मिनिटांची फेरी, मग तासाभराची. ओठ चाटणं, जांभया, लाळ गळणं ही उलटीच्या आधीची लक्षणं. निघण्याच्या चार-पाच तास आधी हलकं खाणं द्या, वाटेत मूठभरापेक्षा जास्त नको. पाणी मात्र दर थांब्याला थोडं थोडं. दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली धरा, म्हणजे २५ किलोच्या लॅब्रडॉरला सव्वा ते दीड लिटर. उलटीसाठी डॉक्टर मॅरोपिटंट देतात. ती गोळी निघण्याच्या किमान दोन तास आधी, छोट्याशा घासाबरोबर द्यायची. रिकाम्या पोटी दिली तर तीच उलटी करवते. गुंगीचं औषध मागू नका. एसेप्रोमाझिनने अंग सुस्त पडतं, भीती तशीच राहते, शिवाय शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. भीतीवरचं दुसरं औषध डॉक्टरांनी दिलंच तर एक डोस आधी घरी देऊन बघा.

थांबे दर दोन-अडीच तासांनी: पेणच्या पुढे, माणगावच्या आधी, कशेडी उतरल्यावर भरणे नाक्याला, मग सावर्डे, हातखंबा. माणगावच्या आधीचा थांबा टाळू नका, तिथल्या कोंडीत अडकलात तर दार उघडायलाही जागा मिळत नाही. पेट्रोल पंपाची मागची बाजू रस्त्याच्या कडेपेक्षा बरी. दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्यायचा, हा नियम मुलांनाही पाठ करवा. कुत्री हरवतात ती बहुतेक अशा थांब्यांवर. गळ्यातल्या बिल्ल्यावर ज्याच्या फोनला गावात रेंज असते त्याचा नंबर घाला.

पुणे-कोल्हापूरमार्गे फोंडा घाटाने उतरणं लांबचं, पण रस्ता सरळ आणि थांबे सोपे. पावसात दरड कोसळते, म्हणून घाट चालू आहे ना हे त्याच दिवशी विचारा.

कोंडीत एसी बंद करून कुत्र्याला गाडीत ठेवून जाऊ नका. बाहेर ३० अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासाच्या आत ४० ओलांडतात, काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि कोकणातल्या दमट हवेत ते नीट जमत नाही. पग, शित्झू यांना तर आणखीच कठीण. हिरड्या लालभडक, झोकांड्या, घट्ट लाळ दिसली तर अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापतो. वयस्क पगला या दिवसांत नेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

घरच्यांना आधी फोन करून विचारा. सोवळं असेल तर कुत्रा कुठे राहील हे आजी-काकूंनी ठरवलेलं बरं. मागची खोली उत्तम, पडवी दिवसा चालेल. मांगरात गुरांच्या गोचिडी असतात. रात्री खळ्यात बांधून ठेवू नका, बिबट्या कुत्र्यासाठी वाडीत येतो. संध्याकाळच्या आरतीला फटाके वाजतात, त्याआधी फिरवून आणा आणि खिडक्या लावून पंखा चालू ठेवा.

खाण्यात खरा धोका प्रसादाचा. पंचखाद्यात आणि मोदकाच्या सारणात बेदाणे असतात. त्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले तर चालतील हे सांगता येत नाही. खाल्ले असतील तर लगेच डॉक्टरला फोन. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठच विषारी ठरतं. गौरीच्या तिखट्या सणाला मटणाची शिजलेली हाडं आणि कांद्या-लसणाचं वाटण, दोन्ही बाद. त्याचं रोजचं खाणं मोजून, दोन दिवसांचं जादा घेऊन न्या. पाहुण्यांना सांगून भागत नाही. लहान मुलांच्या हातातला मोदक हीच मोठी वाट.

गवतात फुरसं आणि घोणस असते, त्यामुळे फिरवताना पट्टा लांब नको. साप चावला तर बांधू नका, कापू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. निघण्यापूर्वीच तालुक्याच्या पशुवैद्यकाचा नंबर घ्या आणि सर्पविषावरचं औषध त्यांच्याकडे असतं का ते विचारा. १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय क्रमांक मुख्यतः गुरांसाठी असला तरी जवळचा डॉक्टर शोधायला फोन करून बघायला हरकत नाही. बेडूक तोंडात धरून फेस आला तर तोंड खाली करून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका.

रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा काडी लावू नका. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, फिक्या हिरड्या, कॉफीसारखी लघवी किंवा खाणं सुटलेलं दिसलं तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं आधी सांगा, म्हणजे गोचीडतापाची आणि लेप्टोची रक्ततपासणी पहिल्याच दिवशी होईल.