शाळेसाठी लॅपटॉप घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

शाळेच्या लॅपटॉप खरेदीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दरपत्रकातील शेवटचा आकडा तेवढा पाहणे. 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी (साठवणुकीची स्वस्त, संथ चिप) असलेल्या यंत्रावर विंडोज 11 जेमतेम चालते. पुढे अपडेटांनीच जागा भरते, आणि ईएमएमसी मदरबोर्डलाच जोडलेली असल्याने ती बदलताही येत नाही. म्हणून 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी (वेगवान साठवण) ही अट मी दरपत्रक मागवतानाच लेखी घालायला लावतो. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने, इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरचे वापरलेले लॅपटॉप स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत; त्यांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही.

दुसरी चूक उन्हाळी सुट्टीतील आहे आणि ती पाहून जीव तुटतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत एका शाळेने सगळे लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, एकावर एक रचून, पत्र्याच्या छताखालील खोलीत लोखंडी कपाटात कुलूपबंद केले होते. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा बॅटऱ्या फुगून कित्येकांचे टचपॅड वर आले होते आणि झाकणे लागत नव्हती. शिपाईमामा एक झाकण दाबून बसवू लागले, तेव्हा मला त्यांचा हात धरावा लागला, कारण फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. माझा शिरस्ता असा: बॅटरी निम्मी ठेवावी, लॅपटॉप स्लीपमध्ये न सोडता पूर्ण बंद करावा, तळमजल्यावरील सावलीच्या खोलीत फळीवर अंतर सोडून उभा ठेवावा आणि मे महिन्यात एकदा कोणीतरी येऊन चार्ज तपासावा. ‘सुट्टीत कोण येणार?’ हे उत्तर मला मान्य नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांच्या शेजारच्या शाळांत सुताचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात अडकतात. ब्लोअर मारताना पंखा भरधाव फिरून बिघडू नये म्हणून त्याचे पाते काडीने अडवून धरावे.

विद्यार्थ्यांना ॲडमिन खाते (ज्यातून सॉफ्टवेअर टाकता-काढता येते) देऊ नये.

वायरमनकडून अर्थिंग तपासल्याशिवाय एकही प्लग लावू नये.

तास संपला म्हणून अपडेट चालू असताना पॉवर बटण दाबून धरणारे उतावीळ शिक्षकही कमी नाहीत. त्याने विंडोजच सुरू होईनाशी होऊ शकते. अपडेट शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, चार्जर लावून करावेत.