पुढच्या चाकाखालचा ब्लॉक घेताना या चुका टाळा

पहिला जोराचा पाऊस झाला की पुण्यातली आमची पहाटेची सिंहगड रस्त्यावरची सायकल थांबते आणि ट्रेनर, म्हणजे घरातच जागेवर सायकल चालवायचा स्टँड, माळ्यावरून खाली येतो. पहिल्या पावसाळ्यात ट्रेनरवर बसलं की पंधरा-वीस मिनिटांत माझी करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची. मी हातमोजे बदलले, हँडलबारवर दुहेरी टेप गुंडाळली, सीट मागे-पुढे सरकवून पाहिली. उपयोग शून्य. तीच सायकल रस्त्यावर तीन तास चालवली तरी हाताला काही होत नसे. शेवटी मोजपट्टी लावली तेव्हा कळलं की ट्रेनरवर मागचा एक्सल (चाकाच्या मधोमधचा दांडा) पुढच्यापेक्षा तब्बल ५ सेंटीमीटर वर होता.

रोड बाइकच्या दोन्ही एक्सलमधलं अंतर साधारण १ मीटर असतं. त्यात ५ सेंटीमीटरचा फरक म्हणजे ५ टक्क्यांचा उतार. तासभर उतारावर बसल्यासारखं शरीर पुढे घसरत राहतं, ते हात रोखून धरतात आणि सगळा भार तळहातावर येतो. करंगळीकडे जाणारी नस तिथूनच जाते, ती दबली की बोटं बधिर होतात. म्हणून कळकळीने सांगतो, हा फरक भरून काढायला पुढच्या चाकाखाली ठेवतात तो ब्लॉक ही किरकोळ वस्तू समजू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न मोजता घेणं. ‘ट्रेनर घेतलाय, मग ब्लॉकही लागेलच’ असं धरून लोक दोन्ही एकदम मागवतात. आधी सायकल ट्रेनरवर चढवा, टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा आणि जमिनीपासून दोन्ही एक्सलच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. दोन्ही चाकं सारख्या मापाची असतील तर रस्त्यावर ही उंची सारखीच असते. मग इथे मागची जितकी जास्त भरेल, तितक्याच उंचीचा ब्लॉक हवा. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतो, दोन सेंटीमीटर चालत नाही.

मागचं चाक तसंच ठेवून त्याला रोलर टेकवायचा ट्रेनर असेल तर चाक जमिनीवरून उचललं जातं, म्हणून तिथे ब्लॉक बहुतेक वेळा लागतोच. मागचं चाक काढून बसवायच्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरचं गणित वेगळं. त्यांतले बरेचसे ७०० सी, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाच्या उंचीला धरून बनवलेले असतात. ७०० बाय २८ (२८ मिलिमीटर रुंद) टायरचा एक्सल जमिनीपासून जवळपास ३४ सेंटीमीटरवर येतो, ट्रेनरचाही साधारण तिथेच. अशा वेळी ब्लॉक घातला तर पुढची बाजू उगाच वर जाते, सीटचं नाक वर येतं आणि नाजूक जागी दाब पडतो. हा त्रास बधिर बोटांपेक्षा वाईट, आणि लोक तो कुणाला सांगतही नाहीत.

२९ इंची एमटीबीवाल्यांची (माउंटन बाइकवाल्यांची) फसगत तर हमखास होते. २.२ इंची टायर असेल तर पुढचा एक्सल जवळपास ३६.७ सेंटीमीटरवर असतो. ३४ वर थांबणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर ती सायकल आधीच पावणेतीन सेंटीमीटर मागे झुकलेली असते. इथे उंची द्यायची ती ट्रेनरला. त्याचे सगळे पाय नीट मावतील एवढं रुंद प्लायवुड घ्या. १२ आणि १८ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना स्क्रूने जोडले की ३ सेंटीमीटर होतात. काही ट्रेनरला चाकाच्या मापाप्रमाणे उंची बदलायची सोय असते, आधी ती तपासा.

आता जुगाडाबद्दल. जाड पुस्तकं, वीट, जेवायचा पाट हे सगळं मी चाकाखाली पाहिलंय. ३ इंची वीट साडेसात सेंटीमीटरच्या पुढे जाते, म्हणजे बहुतेकांसाठी जास्तच. शिवाय टायर तिच्या कडेवर घासतो. पाट गुळगुळीत असतो, त्यावर चाक पुढे-मागे गडगडतं आणि उभं राहून पेडल मारलं की पाटच फरशीवर सरकतो. पुस्तकांचा गठ्ठा घामाने ओला झाला की पानं फुगतात आणि चाक एका बाजूला कलतं. घरीच करायचं असेल तर फूटभर लांबीच्या प्लायवुडच्या पट्ट्या हव्या त्या उंचीपर्यंत एकावर एक स्क्रूने घट्ट करा. वरच्या पट्टीवर टायरच्या दोन्ही बाजूंना अरुंद रिपा ठोका आणि तळाला जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा. असा ब्लॉक विकतच्यापेक्षा कमी टिकत नाही.

विकत घेताना खाच नीट पाहा. बऱ्याच ब्लॉकची खाच रोड बाइकच्या बारीक टायरसाठी असते. हायब्रिडचं ७०० बाय ३८ किंवा एमटीबीचं जाड टायर तिच्यात बसतच नाही, दोन्ही कडांवर तरंगत राहतं. मग चाक डुलतं आणि उंचीही ठरवल्यापेक्षा वाढते. त्यासाठी स्वतःच्या टायरची रुंदी बाजूला लिहिलेली असते ती वाचूनच ब्लॉक घ्या.

बाल्कनीत ट्रेनर लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बाल्कनीच्या फरशीला पाणी जायला ढाळ दिलेला असतो. हॉलमध्ये समतल केलेली सायकल तिथे नेली की हिशेब चुकतो, कधी पुढे-मागे, कधी आडवा. तांब्याभर पाणी ओता, ते कुठे धावतं ते दिसेल. मी गवंड्याची पाणसळ आणून लावली, फोनमधल्या लेव्हलनेही काम होतं. आधी समतल फरशीवर सायकल दोन्ही चाकांवर उभी करून सीटचा कोन मोजून ठेवा, मग ट्रेनरवर तोच कोन येईपर्यंत उंची जुळवा. ढाळ आडवा असेल तर ब्लॉकने तो सुटत नाही. ट्रेनरचे पाय फिरवून वर-खाली होत असतील तर तसे करा, नाहीतर जागा बदला.

दोन-तीन पायऱ्यांचा ब्लॉक घेऊन ‘चढाचा सराव’ करतो असं सांगणारेही भेटतात. पुढचं चाक उंच केल्याने पेडल जड होत नाही. भार ट्रेनरच्या रेझिस्टन्सवर, म्हणजे तो किती अडवतो त्यावर, ठरतो. बदलते ती फक्त बसण्याची ढब, आणि घाटात लागणारी ती ढब अंगवळणी पाडायला थोडा वेळ वरची पायरी वापरणं ठीक. वाहू कंपनीचं किकर क्लाइंब पुढचं चाक काढून ते धरणाऱ्या फोर्कला लावतात आणि ते पडद्यावरच्या रस्त्याप्रमाणे २० टक्के चढापासून १० टक्के उतारापर्यंत सायकल कलवतं, पण त्याला जुळणारा ट्रेनर लागतो. एवढा खर्च करण्याआधी साध्या ब्लॉकवर एक पावसाळा काढा.

ब्लॉक बरोबर उंचीचा असूनही सायकल हलत असेल तर दोष ब्लॉकच्या माथी मारण्याआधी ट्रेनरची पकड आणि मागचा क्विक रिलीज (एक्सल आवळायचा खटका) तपासा, खडखड बहुतेक वेळा तिथूनच येते. चाक खाचेत थोडं गोल फिरत असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढच्या ब्रेकचा लिव्हर हँडलबारला आवळून बांधा. ब्लॉकच पुढे सरकत असेल तर चकचकीत फरशीवर रबरी मॅट घाला, साधी योगा मॅटही चालते. मात्र पुढचं चाक आणि ट्रेनर दोन्ही एकाच मॅटवर हवेत. फक्त चाकाखाली मॅट घातली तर तिची जाडी उंचीत मिळते, आणि मोजपट्टी परत काढावी लागते.