मुलांचा आळशी डोळा: पट्टीचा उपचार घरी नेटाने कसा चालवावा

आळशी डोळा, म्हणजेच मंददृष्टी, हा केवळ डोळ्याचा विकार नाही. एका डोळ्याकडून येणारे चित्र सतत अस्पष्ट असले किंवा तो डोळा भलतीकडे वळलेला असला, की वाढत्या वयातील मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. तिरळेपणा निदान दिसतो (तो भाग्याचे लक्षण मानून स्वस्थ बसणारी घरे अजूनही आहेत, हे दुर्दैव). दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत मात्र बाहेरून मुळीच कळत नाही, कारण मूल चांगल्या डोळ्यावर सगळे व्यवहार बिनबोभाट करत असते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येक डोळा वेगळा तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येणार असेल, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या नेत्र विभागातही दाखवता येते. बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच नंबर काढून घ्यावा, कारण त्यांच्याशिवाय लहान मुलांचा नंबर पुष्कळदा चुकतो.

पहिला उपचार चष्मा, तोही जागेपणी पूर्ण वेळ. काही मुलांची नजर तेवढ्यानेच तीन-चार महिन्यांत सुधारते आणि पट्टीची वेळच येत नाही.

पट्टी लावायची ती चांगल्या डोळ्यावर, म्हणजे मेंदूला आळशी डोळा वापरावाच लागतो; थेट कातडीला चिकटवून, आणि वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर कापड लावले, तर मूल मान किंचित वळवून नाकाकडच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच बघते, आणि पट्टीचा तो सगळा वेळ फुकट जातो. अमेरिकेत झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम मंददृष्टीसाठी रोजची 2 तासांची पट्टी 6 तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरली. त्यामुळे डॉक्टरांनी 2 तास सांगितले तर उपचार हलका समजू नये, पण ते 2 तास खरोखर भरले पाहिजेत. माझ्या मते त्यासाठी वेळ ठरलेली असणे सर्वांत महत्त्वाचे: शाळेतून आल्यावर दूध पिऊन झाले की पट्टी, आणि काढल्यावर कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात मुलाच्याच हाताने खूण. या वेळात जवळचे, बारीक काम द्यावे, जसे चित्र रंगवणे, ठिपके जोडणे किंवा आजीबरोबर तांदूळ निवडणे. आजीला कामात घेण्याचा आणखी एक फायदा आहे, कारण रडणाऱ्या नातवाची पट्टी मायेपोटी बहुधा तीच काढते; तिला कारण नीट समजावले, की तीच पट्टीची राखणदार होते.

पट्टी असताना सायकल आणि गल्लीतला फुटबॉल नको. रंकाळ्यावर नेले तरी हात धरूनच चालवावे. उन्हाळ्यात कातडी लाल होत असेल, तर पट्टी कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवावी, आणि तिचे अरुंद टोक एक दिवस नाकाकडे, तर दुसऱ्या दिवशी कानाकडे ठेवावे. जोतिबाची यात्रा, नवरात्र, गावची म्हाई अशा दिवसांत उपचाराला हमखास खंड पडतो. प्रवासाच्या पिशवीत पट्ट्या आधीच भराव्यात. मूल पट्टी अजिबात टिकू देत नसेल, तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे (त्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारे) थेंब हा पर्याय डॉक्टरांना विचारावा. ते घातल्यास उन्हाचा त्रास होतो. अंग लाल होणे, ताप येणे किंवा मूल असंबद्ध बोलणे दिसल्यास थेंब थांबवून तात्काळ दवाखाना गाठावा. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पट्टीचे तास मनाने वाढवू नयेत, कारण झाकलेल्या चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते. तपासणीच्या तारखा म्हणूनच चुकवायच्या नसतात. वय सातच्या पुढे गेले असले तरी आशा सोडू नये, 12 वर्षांपर्यंतच्या अनेक मुलांत सुधारणा होते. नजर सुधारल्यावर पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करत न्यावी; उपचार थांबल्यावर वर्षभरात सुमारे एक चतुर्थांश मुलांची नजर पुन्हा घसरते, म्हणून त्या वर्षात तपासण्या चालू ठेवाव्यात आणि चष्मा कायम ठेवावा.