डोळ्यांत स्टिरॉइडचे थेंब घालताना या चुका टाळा

सोलापुरात मार्च लागला की ऊन आणि धुळीने डोळे चुरचुरू लागतात. मग मागच्या वर्षीची बाटली कपाटातून निघते, नाहीतर मेडिकलमधून 'तेच थेंब' येतात. दोन दिवसांत लाली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. या थेंबांतलं स्टिरॉइड सूज उतरवतं, जंतू मारत नाही.

सगळ्यात धोकादायक चूक ज्वारीच्या काढणीत होते. पात किंवा कुसळ डोळ्याला लागतं, बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यातून बुरशी शिरते. अशा डोळ्यात स्टिरॉइड गेलं की बुरशीला रान मोकळं! ठणका तात्पुरता कमी होतो, आत जखम खोल जाते आणि शेवटी बुबुळावर फूल पडतं. नागिणीसारख्या विषाणूच्या जखमेचंही तेच. म्हणून डोळ्याला काही लागलं असेल तर तपासणीआधी हे थेंब नकोतच.

प्रेडनिसोलोन अॅसिटेट या स्टिरॉइडच्या थेंबांत औषध बाटलीच्या तळाशी बसतं. न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. दरवेळी नीट हलवा. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका. दुसरा गालावरच ओघळतो. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी.

बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, सूज उलटते. चारदा, मग तीनदा, दोनदा असं उतरवतात. पण किती दिवसांनी, हे डॉक्टरच ठरवतील. चिठ्ठीवर नसेल तर विचारून लिहून घ्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन थेंब घालू नका.

दोन आठवड्यांहून जास्त चालणार असेल तर डोळ्याचा दाब मोजून घ्याच. दाब वाढतो तेव्हा दुखत नाही, दिसतंही नीट. पण या दाबाने होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उन्हाळी अॅलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्या मुलांना हेच थेंब महिनोन् महिने घातले जातात. त्यांचा दाब लवकर चढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने टाकून द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

ठणका वाढला, उजेड सोसेना, अंधुक दिसलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. सोबत बाटलीही न्या.